गवई कुठं गेला?

मुंबईच्या इराणी हॉटेलांत म्हणे ज्युकबॉक्स असायचा. नाणं टाकलं, बटण दाबलं की यंत्र आपणच तबकडी लावायचं. आमच्या मंगरूळपीर तालुक्यात ही चैन कधी पोचली नाही. आमच्याकडे ते काम मोठेबाबा करायचे. लग्नात कुणी चार आणे पुढं केले की फर्माईश लागायची, आणि आठ आणे दिले तर नवरीच्या मामाचं नावही माईकवरून घेतलं जायचं. मशीन आहुजाचं, वॉल्व्हचं. झाडावर दोन भोंगे आणि पत्र्याच्या पेटीत लाखेच्या तबकड्या. पुढं कॅसेटी आल्या, मग डीजे आला, आणि मशीन धान्याच्या कोठीमागं गेलं.

पुतणीच्या हळदीला ते पुन्हा वाजवायचं, आणि तेही मोबाइलवरून, ही कल्पना माझी. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची पदवी आहे. पदवीनंतर मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये गेलो आणि सोल्डरिंगची गन पुन्हा हातात धरली नाही, हा तपशील गावाला माहीत नव्हता.

मोठेबाबांनी खाटेवरूनच एक अट घातली. "एक हात खिशात ठेवून काम कर बे." यात अंधश्रद्धा काही नाही. वॉल्व्हच्या मशीनमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट खेळतात आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतात. दोन्ही हात आत असले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातानं बाहेर पडतो. मी एक हात खिशात घातला. एका हातानं डाग देणं किती अवघड असतं ते करून बघावं.

पहिला बेत ब्लूटूथचा होता. वॉल्व्हचे फिलॅमेंट ६.३ व्होल्टवर चालतात. त्यातूनच पाच व्होल्ट काढून ब्लूटूथच्या पट्टीला द्यायचे, म्हणजे वेगळा चार्जर नको. डोक्यात आकृती सुंदर होती. फक्त त्या वाइंडिंगचं मधलं टोक कारखान्यातच चेसिसला जोडलेलं होतं, आणि मी माझ्या डायोडच्या पुलाचं ऋण टोकही चेसिसलाच जोडलं. अर्धं वाइंडिंग डायोडमधून शॉर्ट झालं. धूर निघाला, वास सुटला, आणि वहिनींनी चुलीवरचं काही करपलं का म्हणून स्वयंपाकघर तपासलं. ट्रान्सफॉर्मर वाचला. जुना माल.

मग साधा मार्ग, वायरचा. मशीनच्या मागं तबकडीच्या पिकअपसाठी भोक होतंच. क्रिस्टलचा पिकअप साधारण अर्धा-एक व्होल्ट देतो, मोबाइलच्या हेडफोनचं भोकही जवळपास तेवढंच देतं. म्हणजे मध्ये काहीही लागत नाही, नुसती वायर. मी एका मेलेल्या इअरफोनची वायर कापली. आत केसासारख्या तीन तारा: लाल, हिरवी आणि तांबड्या रंगाची. या तारांना रोगण असतं, त्यावर डाग बसतच नाही. आधी काडीनं रोगण जाळावं लागतं. ते जाळताना एक तार जळून तुटली, ती पुन्हा सोलली. पिकअपच्या भोकाला टोकं दोनच. लालही आली, हिरवीही आली, तांबडी उरली. ती मी नीट वळवून टेपखाली झाकली. उरलेल्या वस्तूला काही काम असेल हा विचार इंजिनिअरला शिवत नाही.

वॉल्व्ह तापले, नारिंगी झाले. मोठेबाबांसाठी मी सुधीर फडक्यांचं गाणं लावलं. शांतता. भोंग्यातून नुसती हलकी गुणगुण. लता मंगेशकरांचं लावलं, तीच शांतता. वॉल्व्ह हलवले, सॉकेट पुसले. भाचा म्हणाला नवीन काही लावा, म्हणून हळदीचं आजकालचं गाणं लावलं, तर संगीत खणखणीत सुरू! व्हायोलिनं, झांजा, सगळं. फक्त गाणारा गायब. कुठंतरी खोल विहिरीतून त्याचा घुमारा तेवढा येत होता.

ओट्यावर जमलेल्यांनी निदान सुरू केलं. "गवई जेवाले गेला काय?" एकानं विचारलं. दुसऱ्याचं मत पडलं की जुनं मशीन जुन्या गाण्यांवर रुसलं आहे. मोबाइल चार्जरला लावला तर गुणगुण वाढून भुंगा झाला. मी "इम्पिडन्स" हा शब्द पुन्हा पुन्हा वापरला. त्यानं थोडा वेळ आदर टिकला.

मोठेबाबा उठले. एक हात धोतराच्या सोग्यात खोचून त्यांनी दुसऱ्याचं बोट पिकअपच्या टोकाला लावलं. भोंगा "घूंऽऽ" करून ओरडला. "मशीन बराबर हाय," ते म्हणाले. "तुह्या वायरीत खोट हाय. तिसरी तार काहून झाकली?"

तिथं मला तिसऱ्या सेमिस्टरचं पुस्तक आठवलं. तांबडी तार म्हणजे दोन्ही बाजूंची सामाईक जमीन. ती सोडून डावी-उजवी मशीनच्या दोन टोकांना दिली की मशीनला दोघींतला फरक तेवढा ऐकू येतो. गाणाऱ्याचा आवाज दोन्हीकडे सारखा भरलेला असतो; सारख्यातून सारखं वजा, बाकी शून्य. आणि १९५०-६०च्या काळातली बहुतेक गाणी तर मोनो, दोन्हीकडे तंतोतंत एकच. फडके आणि लताबाई अख्खे वजा झाले होते. इतकी अचूक वजाबाकी मी परीक्षेतही केली नसेल.

तांबडी तार चेसिसला दिली. लाल-हिरवी थेट पिळल्या तर मोबाइलच्या दोन बाजू एकमेकींशीच भांडतात, म्हणून दोघींना एकेक किलोओहमचा रेझिस्टर लावून पुढं एकत्र केलं. फडके आले. भोंग्याला खर्ज नसतो, त्यामुळे नवी गाणी पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखी वाटली आणि पोरांनी नाकं मुरडली. पण जुनी गाणी भोंग्यासाठीच केल्यासारखी वाजली. मोठेबाबांनी आवाज थोडा कमी करायला लावला, म्हणजे त्यांना पसंत पडलं.

हळदीच्या संध्याकाळी नवरीचे मामा मला बाजूला घेऊन गेले. "इंजिनिअर साहेब, परवासारखं करता येते काय? गवई काढून टाका. मले माइकवर गायचं हाय."

मी तांबडी तार सोडली आणि हिरवी जोडातून काढून पुन्हा आधीसारखी दुसऱ्या टोकाला लावली. मामा माइकजवळ उभे राहिले, घसा साफ केला आणि सुटले. पहिलं कडवं जेमतेम संपलं असेल, तोच खाटेवरून आवाज आला, "ते तार जोड बाप्पा."