‘सात दिवसांत वेबसाइट’ शिकवणाऱ्या लेखकमहाशयांस



वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवरचं आपलं पुस्तक मिळालं. एक प्रत डहाणूत मी ठेवली, चार तलासरीच्या, वारली चित्रं काढणाऱ्या पोरांना दिल्या. घोलवडचा चिकू आणि वारली चित्रं, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. गिऱ्हाईक मात्र अजून दलालाचाच हात धरून येतं. म्हणून पोरांना स्वतःची वेबसाइट उभारायची होती.

पहिला दिवस आपण ‘संगणक म्हणजे काय’ यात घालवलात. उपकार झाले. पोरं तोवर मोबाइलवर चित्रांचे फोटो काढून मोकळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी गाडी अडली. आपण ज्या बटणावर लाल बाण काढलाय, ते बटण पडद्यावर नाहीच. ‘आमचंच काही चुकलं का?’ पोरांनी विचारलं. नाही बाळांनो. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० आलं, लिहिण्याची जुनी चौकट गेली आणि ठोकळे जोडत पान रचायची पद्धत आली. तिचं नाव गुटेनबर्ग. युरोपातल्या छपाईच्या आद्य कारागिराच्या नावानं छापील पुस्तकंच शिळी व्हावीत, हा विनोद आपल्या ध्यानात आला नसावा. आपली आवृत्ती त्यानंतरची, आतली चित्रं मात्र त्याआधीची. जुन्या लुगड्याला नवा काठ!

वर्डप्रेस २००३ पासून फुकट मिळतं, सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठीही निवडता येते. आपल्या मराठी पुस्तकात मराठीचा हा पत्ता तेवढा द्यायचा राहिला.

इथून जवळच कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांना हाताशी असलेल्या वस्तूंतून शिकवलं. वस्तू बदलली, तरी समज टिकते. आपणही ‘इथे क्लिक करा’च्या जोडीला लेख आणि पान यांत फरक काय, थीम कशासाठी, बॅकअप का घ्यायचा, एवढं सांगितलं असतं, तर बटण हललं तरी पोरं अडली नसती.

एकच विनंती. वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या महिन्यात पुस्तक पडताळलं, ते मुखपृष्ठावर छापा. व्यापारी आमच्या वाडीतला चिकू दाबून बघतो, मगच भाव करतो. आपलं पुस्तक प्लास्टिकमध्ये बंद येतं.

आपला,
अजून दुसऱ्याच दिवसावर असलेला एक वाचक,
डहाणू