गरीला लागलेला मासा न सोडण्याचे शास्त्र

प्रस्तुत मार्गदर्शन कर्ली खाडीच्या काठावर गरवायला बसणाऱ्यांसाठी आहे. मासा लागावा कसा, याची चर्चा येथे नाही; तो लागतो तेव्हा लागतो. लागलेला मासा घरच्या विळीपर्यंत यावा, एवढाच या शास्त्राचा विषय. मासा सुटण्याची मान्यताप्राप्त कारणे तीन: बोथट गरी, कच्ची गाठ आणि मागे उभे असलेले काका.

गरी अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकेच ओढावी. रुतली तर ठीक, घसरली तर कानस मारावी.

तंगुसाची गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करावी. कोरडी आवळली की घासून दोरी तापते आणि नेमकी तिथेच कमजोर होते. थुंकी तंबाखूची असल्यास गाठ अधिक टिकते, असे काकांचे मत आहे. त्यास पुरावा नाही.

आता रिळाचा ड्रॅग. दोरी जेवढ्या वजनाला तुटते, त्याच्या पाव ते एक तृतीयांश जोराला रिळाने दोरी सोडायला हवी. म्हणजे दहा किलोची दोरी असेल, तर अडीच ते सव्वातीन किलोला. हे घरीच स्प्रिंगच्या काट्याला दोरी बांधून पाहून घ्यावे. मोठा मासा लागला की रीळ करकरत दोरी सोडू लागते. हा शुभ आवाज आहे, मासा दमतोय. पण काकांना तो सहन होत नाही. दोरी चालली म्हणजे इस्टेट चालली, या भावनेने ते धावत येतात, "वड रे, वड!" म्हणून ओरडतात आणि ड्रॅग गच्च आवळतात. त्यानंतर 'टप्प' असा आवाज येतो आणि पाठोपाठ, "तरी मी सांगलंय!" काय सांगितलं होतं, ते आजवर कळलेलं नाही.

माशागणिक नियम बदलतात. चोणक उडी मारते आणि हवेत डोके झटकते. त्या क्षणी दोरी ताठ असेल, तर गरी निसटते. म्हणून उडीबरोबर काठीचे टोक झुकवावे आणि मासा पाण्यात पडताच ताण पुन्हा घ्यावा. तिच्या कल्ल्याच्या झाकणाला धार असते, म्हणून गरीजवळची दोरी जाड हवी. तांबोशीला मात्र सवलत नाही. ती लागताच खडकाकडे किंवा कांदळाच्या मुळांकडे पळते, तिला तिथेच रोखावे लागते. येथे काकांचे "वड रे, वड!" शंभर टक्के बरोबर असते. दुर्दैवाने ते तांबोशी ओळखून ओरडत नाहीत, सरसकट ओरडतात. गोबरा बिळात शिरला, तर दोरी ढिली सोडून गप्प बसावे. कधीकधी तो आपणहून बाहेर येतो. काकांनी गप्प बसावे यासाठी उपाय नाही.

शेंगटीसाठी नियम नाही. ती कधीच सुटत नाही. गरी काढताना तिच्या विषारी काट्याला जपावे.

काकांना घरीच ठेवून जावे, ही सूचना अनेकांनी केली आहे. ती बाद. जिवंत कोळंबी पहाटे तेच आणून देतात. उधाणाला कुठे बसायचं, भांगाला कुठे, तेही त्यांनाच ठाऊक. ते नसले तर सुटायला मासा लागणारच नाही.

शेवटचा धोका काठाशी. जाळी आधी पाण्यात बुडवून ठेवावी आणि दमलेला मासा डोक्याकडून तिच्यावर आणावा. जाळी घेऊन माशाच्या मागे धावू नये. शेपटीला जाळी लागली की तो नव्या जोमाने उसळतो. आंबे काढायचा झेला जाळी म्हणून आणू नये. त्याच्या तोंडाशी पाते असते आणि देठ कोणता, तंगूस कोणता, हे पात्याला कळत नाही. काकांनी तो आणलेला आहे.

तेव्हा जाळी स्वतः धरा, नाहीतर शेजारच्या पोराच्या हाती द्या. काकांना कोळंबीची बालदी सांभाळायला द्या, दोन्ही हातांनी.