चुडाव्याचा समुद्र

परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्याच्या माणसाला समुद्राच्या प्रदूषणाचं विचारा. तो म्हणेल, ते मुंबईवाल्यांनी बघावं. सरकारचंही मत याहून फार वेगळं नाही. राज्याला 720 किलोमीटरचा किनारा, तो सगळा पश्चिमेला. त्याच्या राखणीला 1991 पासून किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत: भरतीच्या रेषेपासून आत 500 मीटर, खाडीकाठी त्याहून कमी. त्यापलीकडं समुद्राचा विषय संपला, नालीचा सुरू झाला.

गोदामायला हे कुणी कळवलेलं दिसत नाही. त्र्यंबकेश्वरहून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटर; पण त्याच्याकडं पाठ फिरवून ती 1465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. वाटेत पूर्णेला सोबत घेते, आणि आमच्या नाल्याही. म्हणजे चुडाव्याला समुद्र आहे. फक्त तो आंध्रात आहे.

याच पाण्यासाठी गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्यावरून दोन राज्यं सुप्रीम कोर्टात गेली. 2013 साली निकाल लागला: 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं. पाण्याचा हिशोब दशांशापर्यंत! त्या पाण्यातल्या घाणीवर मात्र अजून कुणी हक्क सांगितलेला नाही.

मुंबईचं तसं नाही. तिच्या सांडपाण्यासाठी जानेवारी 2023 मध्ये पंतप्रधानांनी सात प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी केली, खर्च सुमारे 17,200 कोटी. आमच्याकडं पायाही नको, भरणीही नको. उतार आहे, पाणी आपोआप जातं. असे उतार राज्यभर असावेत, कारण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात प्रदूषित नदीपट्टे सगळ्यात जास्त महाराष्ट्रात निघाले, 55. पहिला नंबर आला, पण फटाके कुठं वाजले नाहीत.

दोष एकट्या सरकारचा नाही, बरं का. प्लॅस्टिकबंदी 23 मार्च 2018 ची. तरी निर्माल्य काळ्या पिशवीतच, वर दोन गाठी, म्हणजे फूल ओलं व्हायला नको! पुलावर गाडी थांबते, काच खाली होते, हात जोडले जातात, पिशवी जाते.

तेवढं कोर्टाचं वेळापत्रक बघून टाकावं. दसऱ्याची पिशवी बाभळीचे उघडे दरवाजे ओलांडून तेलंगणात पोचते. कार्तिकातली अडकते, आणि मग ती आपल्या हक्काची.