आधी स्लेप्निरच्या आईचं नाव सांगा!

ऐकलंत का? देवाच्या दारात जायला आता सोवळं नको, शेंडी नको, थुंकी लागते म्हणे! अमेरिकेत थोर, ओडिन, फ्रेया या जुन्या नॉर्स देवांना भजायचं फॅड आहे. गळ्यात थोरच्या हातोड्याचं लॉकेट, दंडावर रून अक्षरं गोंदलेली, दाढी छातीपर्यंत. इथवर कोणाचं काय जातंय? पण त्यातली काही मंडळी नळीत थुंकून ती नळी प्रयोगशाळेत धाडतात आणि आपले पूर्वज कुठले, ते टक्क्यांत मागवतात. अहवालात ‘स्कँडिनेव्हिया’ दिसलं की स्वारी हवेत! सोबत आयर्लंड-इटली निघाली, तर ती गोष्ट घरातल्या घरात.

आता पूर्वजांची आठवण काढण्यात वावगं काहीच नाही. आसात्रू नावाच्या या पंथात सुंबेल म्हणून एक विधी असतो. मंडळी गोल करून बसतात आणि मधाच्या दारूनं, म्हणजे मीडनं, भरलेलं शिंग हातोहात फिरतं. बहुतेक ठिकाणी पहिली फेरी देवांच्या नावानं, दुसरी वीरांच्या आणि पूर्वजांच्या, तिसरीत शपथा नाहीतर बढाया. ज्याच्या हाती शिंग तो उभा राहतो, आजीचं नाव घेतो, तिनं काय सोसलं ते दोन वाक्यांत सांगतो, घोट घेतो आणि शिंग शेजाऱ्याच्या हाती देतो. आपण सर्वपित्रीला खीर-वडे करतो, हे शिंगभर पितात. भावना तीच, फक्त दुसऱ्या दिवशी डोकं कोणाचं दुखतं एवढाच फरक.

खरी मेख पुढेच आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत हा पंथ उभा करणाऱ्यांत स्टीफन मॅकनॅलन हे गृहस्थ होते. १९८५ साली त्यांनी ‘मेटाजेनेटिक्स’ नावाचा लेख लिहिला. धर्म म्हणे रक्तातून उतरतो! उत्तर युरोपी रक्त असेल त्यानंच उत्तर युरोपी देवांकडे जावं, बाकीच्यांनी आपापले देव शोधावेत. १९९४ मध्ये त्यांनी ‘आसात्रू फोक असेंब्ली’ काढली. २०१६ मध्ये तिथल्या नव्या पुढाऱ्यांनी गोऱ्या संततीचं गुणगान जाहीरपणे केलं आणि भावकीत जो भडका उडाला म्हणता! ‘ज्याची श्रद्धा त्याचा देव’ म्हणणारे गट, उदाहरणार्थ १९८७ पासूनची ‘द ट्रोथ’, आधीपासून होतेच. तेव्हा अनेक देशांतल्या शंभरावर संघटनांनी ‘डिक्लरेशन १२७’ वर सह्या केल्या आणि असेंब्लीशी रोटीबेटी, नव्हे शिंगव्यवहार, बंद केला. १२७ हा आकडा कुठला? तर ओडिनच्या तोंडी असलेल्या ‘हावामाल’ काव्यातल्या कडव्याचा. दुष्टपणा दिसला तर गप्प बसू नये, असं त्यात आहे. भांडण देवाचं, पुरावाही देवाचाच!

याच असेंब्लीचा केनेविक प्रकरणातला पराक्रम तर ऐकाच. १९९६ साली वॉशिंग्टन राज्यात केनेविक गावी कोलंबिया नदीकाठी एक सांगाडा सापडला, सुमारे साडेआठ ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा. कवटीची ठेवण युरोपी वाटते, असं सुरुवातीला कोणीसं म्हटलं आणि असेंब्लीवाल्यांना पान्हाच फुटला. हा आमचा पूर्वज असू शकतो म्हणत ते थेट कोर्टात! तिकडे तिथले मूळ रहिवासी ‘आमच्या वडीलधाऱ्याला निवांत पुरू द्या’ म्हणून टाहो फोडत होते. कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. असेंब्लीनं मध्येच अंग काढून घेतलं. २०१५ मध्ये डीएनएचा निकाल आला. माणूस मूळ अमेरिकनांचाच! २०१७ मध्ये त्याच लोकांनी त्याला पुन्हा मातीत ठेवलं. दुसऱ्याचा पणजोबा आपला म्हणून मिरवायचा, म्हणजे काय धाडस!

बरं, ज्यांच्यासाठी हा सगळा आटापिटा, त्या देवांचं खानदान तरी कसं? ओडिनची आई बेस्टला ही राक्षसाची लेक. थोरची आई योर्ड, तीही राक्षसकुळातलीच. फ्रेयर आणि फ्रेया हे मूळचे दुसऱ्याच देवकुळातले, युद्धानंतर तहात ओलीस म्हणून आलेले आणि इथलेच होऊन गेलेले. याच देवांच्या गोटातल्या लोकीचं तर नावच काढू नका! देवांच्या गडाचा तट बांधणाऱ्या गवंड्याचा घोडा फार कामसू होता. त्याला कामावरून पळवण्यासाठी लोकी घोडी झाला. पुढे जे व्हायचं ते झालं आणि काही दिवसांनी लोकी आठ पायांचं शिंगरू घेऊन घरी परतला. तोच स्लेप्निर, ओडिनचं लाडकं वाहन. आणि ही गोष्ट आपल्यासाठी लिहून ठेवली कोणी? तेराव्या शतकातल्या स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या ख्रिस्ती सरदारानं. असल्या घरात सोयरिकीआधी रक्त तपासायचं म्हणजे कमालच!

भक्तांच्या पूर्वजांची गतही वेगळी नाही. २०२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात चारशेहून अधिक व्हायकिंगकालीन सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास आला. त्यात दक्षिण युरोपचं, आशियाचंही मिश्रण निघालं. स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवर तर तलवारीसकट व्हायकिंग थाटात पुरलेली माणसं रक्तानं स्थानिक निघाली. म्हणजे खुद्द व्हायकिंगांनाच व्हायकिंग व्हायला रक्त लागत नव्हतं.

आणि ज्या आइसलँडचं नाव घेऊन हे सगळं चालतं, तिथे काय चाललंय? तिथला आसात्रू संघ १९७२ चा. स्वेनब्योर्न बेइन्टेइन्सन या शेतकरी कवीनं तो पुढाकार घेऊन काढला आणि पुढच्याच वर्षी त्याला सरकारी मान्यता मिळाली. सध्याचे प्रमुख हिल्मार ओर्न हिल्मारसन हे संगीतकार. आठ पायांच्या घोड्यावर ओडिन नावाचा एकाक्ष म्हातारा खरोखर हिंडतो असं कोणी मानत नाही, ही रूपकं आहेत, असं ते उघड सांगतात. संघ समलिंगी जोडप्यांची लग्नं लावतो, म्हणून परदेशी ‘भक्तां’ची संतापलेली पत्रं त्यांनाच आली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!

गंमत अशी, की वंशावळ असावी तर आइसलँडच्या लोकांची. शतकानुशतकांच्या नोंदी २००३ पासून इंटरनेटवर आहेत. त्यांचा उपयोग काय करतात? २०१३ मध्ये एक ॲप निघालं, दोघांनी फोनवर फोन टेकवला की आपण जवळचे नातलग आहोत का ते कळतं. म्हणजे प्रेमात पडण्याआधी चुलतभाऊ तर नाही ना, एवढीच चौकशी. देवाला भजण्याआधी कोणी फोन टेकवायला लावत नाही. शिवाय पहिल्या वस्तीतल्या तिथल्या आयाबायांपैकी निम्म्याहून अधिक ब्रिटिश बेटांवरच्या, हे जनुकशास्त्रानं सांगून झालंय आणि त्यापायी कोणाची झोप उडालेली दिसत नाही.

ज्यांच्या कपाटात वंशावळ आहे, ते ती मागत नाहीत. ज्यांना ती टपालानं मागवावी लागते, तेच दारात पहारा देतात. तेव्हा उद्या कोणी शिंग पुढे करण्याआधी तुमचं रक्त विचारलं, तर खुशाल म्हणा, ‘देतो की! आधी फॉर्मवर स्लेप्निरच्या आईचं नाव भरा.’