मीटर सेट्टु

चेन्नईच्या सौकारपेठेत, मिंट स्ट्रीटच्या आजूबाजूला सोनं गाळायची जी लहान लहान दुकानं आहेत, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी भिंतीवर रेणावीचा रेवणसिद्ध असतो आणि त्याच्या खाली खानापूर-आटपाडीकडचा एखादा गलाईवाला बसलेला असतो. दुष्काळानं ही माणसं देशभर पांगवली. इथले लोक त्यांना ‘सेट्टु’ म्हणतात. मारवाड्यालाही तेच म्हणतात, तेव्हा हुरळून जाण्यासारखं त्यात काही नाही. पण या सेट्टुंमध्ये अधूनमधून एक खास नग निघतो. त्याला पुदुपेटचे मेकॅनिक ‘मीटर सेट्टु’ म्हणतात.

मीटर सेट्टुंचा धंदा आगीचा. सोनं १०६४ अंशांना वितळतं, चांदी ९६२ला. मुशीतला रस तयार झाला की नाही, हे मीटर सेट्टु नुसत्या रंगावरून सांगतात. हातात चिमटा, एक डोळा बारीक, आणि तोंडातून एकच शब्द, ‘आलं!’ त्यांचा अंदाज चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. आणि याच माणसाला रेडिएटरमधलं पाणी ८५ अंशांवर आहे की ९० अंशांवर, हे कळल्याशिवाय रात्री झोप लागत नाही.

कारण त्यांच्याकडे एक जुनी पिकअप आहे. टाटा २०७, १९८८ साली आलेल्या टाटामोबाइलच्या वंशातली. एरवी ती कोळसा आणि मुशी वाहते, पण तिचं खरं काम वर्षातून एकदा गावी जायचं. चेन्नईहून निघालेला ४८ नंबरचा महामार्ग वेल्लूर, बंगळूर, हुबळी, बेळगाव करत थेट कोल्हापूर-कराडला जातो. तिथून त्यांच्या भागातलं विटा उजव्या हाताला. हजारेक किलोमीटर. एवढ्या रस्त्यात गाडीनं आपल्याला न सांगता काही करू नये, अशी मीटर सेट्टुंची माफक अपेक्षा असते.

कंपनीनं दिलेला काटा त्यांना मान्य नाही. त्यावर आकडे नसतात. एका टोकाला सी, दुसऱ्या टोकाला एच. ‘मधोमध म्हणजे किती?’ हा त्यांचा सवाल. तेलाचा लाल दिवा तर त्यांच्या मते चोर पळून गेल्यावर भुंकणारं कुत्रं. प्रेशर पार तळाला गेल्यावर तो पेटतो. तोवर बेअरिंगचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

म्हणून एका रविवारी ते माउंट रोडलगतच्या जनरल पॅटर्स रोडवर जातात आणि तीन मीटर घेऊन येतात: पाण्याचं, तेलाचं आणि व्होल्टचं. रिक्षाचं भाडं सरकारनं २०१३ साली ठरवून दिलं, तरी मीटर टाकायला ज्या शहरात रिक्षावाल्याची विनवणी करावी लागते, तिथं हा गृहस्थ एका गाडीत तीन टाकतो. मेकॅनिक विचारतो, ‘सेट्टु, वंडी सूपर. मीटर एदुक्कु?’ गाडी उत्तम आहे, मीटर कशाला? मीटर सेट्टु अस्खलित तमिळमध्ये, पण माणदेशी हेल काढून, अर्धा तास उत्तर देतात. मेकॅनिक निमूटपणे पाना उचलतो.

पाण्याच्या मीटरचा सेन्सर इंजिनात बसतो. मेकॅनिक त्याच्या आट्यांवर गळू नये म्हणून पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतो. इंजिन सुरू होतं, अर्धा तास चालतं, पण काटा काही तळ सोडत नाही. मीटर सेट्टुंच्या चेहऱ्यावर काशीला जाऊन आल्याचं समाधान. ‘बघा, गाडी किती थंड!’ मग मेकॅनिकलाच शंका येते. या सेन्सरला अर्थिंग मिळतं ते आट्यांमधून, इंजिनाच्या लोखंडातून. टेपनं तेच तोडलेलं. टेप खरवडल्यावर काटा चढू लागतो आणि मीटर सेट्टुंचा चेहरा उतरू लागतो.

तेलाच्या मीटरला वायर नसते, नळी असते. इंजिनाच्या तेलाच्या वाटेवर टी बसवायचा आणि बारीक नळी थेट डॅशबोर्डपर्यंत आणायची. मीटरच्या आत वाकवलेली चपटी नळी असते. दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. बुर्दों नावाच्या फ्रेंच माणसानं १८४९ साली तिचं पेटंट घेतलं. मीटर सेट्टु त्याचा उल्लेख गाववाल्यासारखा करतात. मेकॅनिकचं लक्ष मात्र नळीवर. पत्र्याच्या भोकात रबर नसेल, तर ती कडेवर घासून कापली जाणार आणि गरम तेल थेट ड्रायव्हरच्या पायावर येणार.

व्होल्टमीटर सगळ्यांत गुणी. बंद गाडीला साडेबारा, चालू गाडीला चौदाच्या आसपास. दोन तारा, एक फ्यूज, काम संपलं. त्यामुळे मीटर सेट्टुंना त्यात फारसा रस वाटत नाही.

खरी गंमत रस्त्यावर. मीटर बसल्यापासून मीटर सेट्टु रस्ता अधूनमधून बघतात. शेजारी वहिनी असतात, त्यांना काट्याची ड्यूटी.

‘अगं, किती हाय?’

‘हाय तितंच हाय.’

‘तितंच म्हंजे किती?’

‘मगाशी होता तितकाच.’

‘मगाशी किती होता?’

यावर वहिनी डोळे मिटून घेतात. राणीपेटपर्यंत त्या झोपलेल्या असतात, किंवा तसं दाखवतात.

चेन्नईत मे महिन्यात कत्तिरी लागते, म्हणजे ऐन उन्हाचे दिवस. ३१ मे २००३ला शहरात पारा ४५ अंशांवर गेला होता. ही तारीख मीटर सेट्टुंना मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्की पाठ आहे. अशा उन्हात गाडी तापेल म्हणून ते धास्तावलेले असतात, आणि नवा काटा दाखवतो ६५! महामार्गावर तर त्याहून कमी. मेकॅनिक म्हणतो, ‘ओण्णुम आगादु, सेट्टु’, काही होत नाही. पण मीटर सेट्टु ऐकत नाहीत. उघडून बघितल्यावर कळतं, की कुण्या जुन्या मेकॅनिकनं ‘मद्रासच्या उन्हात हा कशाला’ म्हणून थर्मोस्टॅटच काढून फेकलाय. तो नसला की पाणी सारखं फिरत राहतं, इंजिन धड तापत नाही, आणि थंड इंजिन डिझेल जास्त पितं, झिजतंही लवकर. मीटर सेट्टु नवा थर्मोस्टॅट बसवून घेतात. काटा ८५वर येऊन स्थिरावतो. तो दिवस ते दिवाळीसारखा साजरा करतात आणि पुढे दिवाळीलाही त्याबद्दलच बोलतात.

आयुधपूजेला गॅरेजसमोर कोहळा फुटतो, चाकाखाली लिंबं ठेवली जातात. मीटर सेट्टु तिन्ही काचांना स्वतः गंध लावतात. पाण्याच्या मीटरवर गंध नेमकं १००च्या आकड्यावर बसतं. त्यानंतर आठवडाभर गाडी तापायचा प्रश्नच नसतो.

त्यांना कुणी छेडलं, की शेठ, हजार अंशांच्या आगीवर तुमचा भरवसा आणि वाफाळत्या पाण्यावर नाही, तर ते क्षणभर गप्प होतात. मग म्हणतात, ‘सोनं डोळ्यांदेखत वितळतं. बिघडलं तर माझ्या समोर बिघडतं. इंजिन झाकणाखाली असतं. झाकलेल्या गोष्टीचा हिशेब मागावाच लागतो.’ ज्या धंद्यात गिऱ्हाईक आपला दागिना दुसऱ्याच्या मुशीत टाकतं आणि तिथून नजर हलवत नाही, त्या धंद्यातला माणूस याहून वेगळं काय बोलणार?

आणि निकाल लावायचा तर त्यांच्याच बाजूनं लावावा लागतो. मे महिन्यात कृष्णगिरीच्या पुढच्या चढाला नव्या कोऱ्या एसी गाड्या बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असतात, आणि ही जुनी पिकअप ज्वारीची रिकामी पोती घेऊन शांतपणे होसूरकडे निघून जाते. तेव्हा गावी जाताना जागा मिळाली, तर मीटर सेट्टुंच्या गाडीत खुशाल बसा. गाडी विट्याला पोचणार, याची खात्री बाळगा. फक्त ‘हा काटा कसला?’ असं विचारू नका. विचारलंत, तर उत्तर बेळगावच्या अलीकडे संपत नाही.