धुक्यात शीड कसे हाकावे : नवख्या नाशिककरांसाठी

सर्वप्रथम समुद्र शोधावा. नाशिकला तो नाही. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण गोदामाई त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. रामकुंडावर होडी सोडलीत, तर वाटेत जायकवाडीसकट इतके बांध आडवे येतील की होडीत बसण्यापेक्षा होडी डोक्यावर घेऊन चालणंच जास्त होईल.

तरी खचू नये. चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने सैन्यात गेल्यावर वल्हं हाती धरलं आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा क्रमांक मिळवला. त्या शर्यतीत वल्हवणारा पाठमोरा बसून पुढे जातो. धुक्यात तसंही पुढचं काही दिसत नाही, तेव्हा नवख्यांनी हीच बैठक पत्करावी.

सरावासाठी निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर उत्तम. गोदावरी आणि कादवा इथे भेटतात, बंधाऱ्यामागे उथळ पाणी पसरतं आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे त्यावर धुकं बसतं. द्राक्षबागांतल्या शेकोट्यांचा धूर त्यात भर घालतो, तो आपला स्थानिक बोनस. एक अडचण मात्र आहे. असं धुकं जमायला रात्र निरभ्र आणि वारा पडलेला लागतो, आणि वारा पडला की शीड नुसतं लोंबतं. म्हणजे ज्या दिवशी धुक्यातून शीड हाकायचं, त्या दिवशी बहुधा ते हाकताच येत नाही. नवख्यांसाठी यापेक्षा सुरक्षित खेळ नाही.

आता भोंगा. टक्कर टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार शिडाच्या जहाजाने धुक्यात दोन मिनिटांच्या आत एक लांब आणि दोन आखूड आवाज द्यायचे. लांब म्हणजे चार ते सहा सेकंद, आखूड म्हणजे सेकंदभर. बारा मीटरहून लहान होडीला ही ठरीव चाल बंधनकारक नाही, पण काहीतरी दणदणीत वाजवावंच लागतं. कसारा घाटात हॉर्नवरचा अंगठा न उचलणाऱ्यांना हे सोपं वाटेल. त्यांना खरी शिकवणी लागते ती मधल्या दोन मिनिटांची. तेव्हा गप्प बसून दुसऱ्याचा भोंगा कुठून येतोय ते ऐकायचं असतं.

जलचर. पाण्याबाहेर काळं डोकं, संथ हालचाल, मधूनच फुत्कार : ही म्हैस. तिला भोंग्याने फरक पडत नाही. वाट आपणच सोडावी. डॉल्फिनच हवा असेल तर हर्णै किंवा तारकर्लीला जावं, आणि दिसला की इंजिन मंद करावं, पाठलाग करू नये. नांदूरला हिवाळ्यात कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी पक्षी दिसतात, चमचे येतात, नशीब असेल तर रोहितही.

शेवटची सूचना आधी द्यायला हवी होती. हे अभयारण्य आहे, २०२० पासून महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. इथे होडी घालू नका, भोंगाही घरीच ठेवा. चापडगावच्या मनोऱ्यावर दुर्बीण घेऊन चढा आणि सोबतच्या मंडळींना स्पीकर गाडीतच ठेवायला सांगा.