ब्रॅकेटकर

ब्रॅकेटकर बँकेत असतात, कॉलेजात शिकवतात किंवा घरी बसून कुठल्याशा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतात. पगार वेळेवर, बीपी काठावर, मुलगी दहावीला. सगळं ठाकठीक चाललेलं असताना हे गृहस्थ कुणाच्या तरी गोठ्यातून एक जुनी येझदी रोडकिंग उचलून आणतात. त्या दिवसापासून ‘बाबा कुठायत?’ असं घरात कुणी विचारत नाही. बाबा पार्किंगमध्ये असतात. तिथं नसले तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात असतात.

गाडीला ते गाडी म्हणत नाहीत, ‘प्रोजेक्ट’ म्हणतात. गाडी बंद पडली की माणूस वैतागतो. प्रोजेक्ट बंदच असतो, त्यामुळे ब्रॅकेटकर कायम प्रसन्न. पाहुण्याला इतिहास ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना, चेकोस्लोव्हाकियाचं लायसन्स, १९६१ची सुरुवात, १९७८ची रोडकिंग आणि १९९६ला लागलेलं टाळं, हे सगळं ओघानं येतं. मग तो प्रसिद्ध दांडा दाखवला जातो. किक तोच, गिअरही तोच. २०२२मध्ये येझदी याच नावानं आलेल्या नव्या गाडीचा विषय मात्र काढू नये. ब्रॅकेटकर चहा अर्धा ठेवून उठतात.

तर प्रोजेक्ट ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर न्यायचा असतो. नवा रेग्युलेटर येतो. तो बसवायला जुन्या फ्रेमवर जागा नसते, म्हणून एक ब्रॅकेट हवा असतो. एल आकाराचा, तळहातात मावेल एवढा, चार भोकांचा. ज्या गावानं शेतकऱ्यांसाठी ऑईल इंजिनं घडवली, त्या कोल्हापुरात एवढासा ब्रॅकेट म्हणजे किरकोळ काम. पण ब्रॅकेटकर काम किरकोळ ठेवत नाहीत. ते ड्रॉइंग काढतात. तीन बाजूंनी, रंगीत, कोपऱ्यात ‘सुधारित आवृत्ती ७’ असं लिहून.

आधी ते शिरोली एमआयडीसीत लेझर कटिंगवाल्याकडे जातात. तो विचारतो, “किती नग?” “एक.” तो पुढे काही बोलत नाही, फक्त फाटकाकडे बघतो. मग ब्रॅकेटकर पेन ड्राइव्ह खिशात घालून उद्यमनगरातल्या मेस्त्रींकडे येतात.

मेस्त्री कागद हातात घेतात, उलटा धरतात, त्यावर अंगठ्याचं ग्रीस उमटवतात.

“कुठं बसवायचंय ह्ये?”

“हे काय, दाखवलंय ना, आयसोमेट्रिकमध्ये.”

“त्ये ऱ्हाऊ द्या. गाडी कुठाय?”

गाडी पार्किंगमध्ये असते आणि चालू नसते, कारण ब्रॅकेट नसतो. मग ती छोट्या हत्तीत घालून आणावी लागते. तेवढ्या भाड्यात चार ब्रॅकेट झाले असते, हे वहिनी संध्याकाळी एकदाच म्हणतात.

जाडीवरून पहिली चकमक उडते. ब्रॅकेटकरांकडे मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारा डिजिटल व्हर्निअर असतो. मेस्त्री सुतात बोलतात. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे सूतभर पट्टी झाली ३.१७५ मिलिमीटर. ड्रॉइंगमध्ये ३.०० आहे, हे ब्रॅकेटकर बजावून सांगतात. मेस्त्री मान डोलावून कोपऱ्यातली पट्टी ओढतात. ती बाजारात मिळते तशी ३ मिलिमीटरचीच असते. मेस्त्री तिला सूतभर म्हणतात, ब्रॅकेटकर तिला तीन म्हणतात, आणि पट्टी दोघांचंही ऐकून घेते.

भोकं आधी पाडायची, असा ब्रॅकेटकरांचा हट्ट. ड्रॉइंगमध्ये मापं आहेत ना! मेस्त्री गिऱ्हाइकाशी वाद घालत नाहीत. खुणा करून पंच मारतात, भोकं पाडतात, पट्टी वाइसमध्ये धरून हातोड्यानं वाकवतात. आता बाहेरून ४० आणि ३० अशा बाजू हव्यात म्हणून ७०ची पट्टी घेतली, तर वाकल्यावर बेरीज सत्तरच्या वर जाते. वाकवलेला कोपरा सरळ मापांचा हिशेब मानत नाही. साहजिकच भोक बोल्टाच्या शेजारी येतं.

मेस्त्री कपाळावर आठी न आणता दुसरा तुकडा कापतात. “भोक आदी पाडायचं न्हाई, सायेब. आदी वाकवायचं, गाडीवर धरायचं, खूण करायची. मग भोक. आन् त्येबी जरा लांबट, म्हंजे सरकवाय येतं.” बोलता बोलता आतला टोकदार कोपरा ते कानशीनं गोल करतात. ब्रॅकेटकर उजळतात. “बरोबर! स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन! व्हायब्रेशननं तडा तिथूनच जातो!” मेस्त्री म्हणतात, “आसंल. आमी कोपरा मारला म्हंतो.”

ब्रॅकेट चपखल बसतो. इथं साधा माणूस पैसे देऊन घरी गेला असता. ब्रॅकेटकर मात्र तो काढून पावडर कोटिंगला नेतात. मॅट काळा, दोन्ही बाजूंनी, भोकांच्या आतसुद्धा. कोटिंगचे पैसे ब्रॅकेटच्या पैशांपेक्षा जास्त होतात. सगळं आवळून किक मारली की गाडी धडधडते, आसपासची पोरं टाळ्या पिटतात, पण बॅटरी काही चार्ज होत नाही. वायरिंगचा रंगीत नकाशा पसरला जातो, मल्टिमीटर निघतो. शेवटी मेस्त्री येतात, रेग्युलेटर सोडवतात आणि त्या देखण्या मॅट काळ्या रंगावर कानस ओढून खालचं लोखंड उघडं पाडतात. या रेग्युलेटरची अर्थिंग त्याच्या अंगातून फ्रेमला मिळते, आणि पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. कानशीच्या प्रत्येक ओढीला ब्रॅकेटकरांचा चेहरा बघण्यासारखा होतो. चार्जिंग सुरू होतं.

एवढ्यानंतर ब्रॅकेटकरांची उद्यमनगरातली ये-जा थांबेल, असं वहिनींना वाटतं. त्यांना नवऱ्याचं दुखणं नेमकं कळलेलं नसतं. ब्रॅकेटकरांना येझदी हवी असते, पण त्याहून जास्त मेस्त्रींच्या दुकानातलं स्टूल हवं असतं. वर्षभर ऑफिसात ज्या कामाची कुणी ‘जमलंय’ म्हणून दखल घेत नाही, ते काम करणाऱ्याला लोखंडाच्या तुकड्यावर तेवढा एक शब्द पुरतो.

आता ते त्या स्टुलावर असतात. परवा एक तरुण लॅपटॉप घेऊन आला, आरएक्स १००साठी हॉर्नचा ब्रॅकेट हवा म्हणाला. मेस्त्री वेल्डिंगमध्ये गुंतलेले. त्यांनी काच वर न करताच ब्रॅकेटकरांकडे बोट केलं. ब्रॅकेटकरांनी ड्रॉइंग घेतलं, उलटं धरलं आणि म्हणाले, “सूतभर पट्टी बास हाय. गाडी कुठाय?”